‘व्होकेशन’ म्हणजे व्यवसाय? ‘रॅडिकल’ म्हणजे कट्टर?

रंकाळावेस: नमस्कार. उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, म्हणजे पुनरुत्थानकाळाच्या (ईस्टरपासूनच्या) चौथ्या रविवारी, पाचारणांसाठी जगभर प्रार्थना होते. पोप सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये ही प्रथा सुरू केली. कोल्हापुरात आमच्या चर्चची प्रार्थना यंदा मी लिहिते आहे. मिळालेल्या भाषांतरात ‘व्होकेशन’ला ‘व्यवसाय’ आणि ‘रॅडिकल’ला ‘कट्टर’ लिहिलंय. ‘देवा, आम्हाला व्यवसाय दे’ असं वेदीपुढे कसं म्हणायचं?

पंचगंगाघाट: ताई, तुमच्या पहिल्या वाक्यातलाच शब्द बरोबर आहे. पाचारण. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ हाक मारणे. २०१९ च्या महापुरात ‘एनडीआरएफला पाचारण’ हे आपण रोज वाचत होतो. लग्नाचं बोलावणं आलं तर जेवून परत येतो. पाचारण होतं ते दुसऱ्या कुणाचा तरी जीव पाण्यात असतो म्हणून. धर्मगुरू, धर्मभगिनी होणाऱ्यांना हाच शब्द शोभतो.

बिंदूचौक: फक्त त्यांनाच का? आपण चर्चला ‘मंडळी’ म्हणतो, तिथे मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’, म्हणजे हाक मारून बाहेर बोलावलेले लोक. पाचारण सगळ्यांचंच आहे. शिक्षिकेचं, नर्सचं, आईबापांचंसुद्धा.

‘कट्टर’ मात्र काढाच. कट्टर म्हटलं की समोर कुणीतरी विरोधी लागतो, आपल्या कोल्हापुरात फुटबॉलमध्ये एकमेकींविरुद्ध उभ्या राहणाऱ्या पेठांसारखा. ‘रॅडिकल’च्या पोटात मूळ आहे, झाडाचं मूळ. म्हणून मूलगामी. प्रार्थनेत तो जड वाटला तर सरळ ‘मुळापासून’ म्हणा. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला. त्यांना कट्टर म्हणवत नाही. मुळापासून ख्रिस्ती झालेला माणूस म्हणवतं.

पंचगंगाघाट: हे पटलं. आणखी एक. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो, पीक फार, कामकरी थोडे, धन्याकडे कामकरी मागा. मराठीत तिथे ‘पाठवावेत’ आहे. ग्रीक क्रियापद याहून जोरकस आहे. भुतं बाहेर घालवताना वापरलेलं तेच, बाहेर ढकलणे. आणि दहावा अध्याय उघडला की ज्यांना प्रार्थना करायला सांगितलं, त्याच बाराजणांना येशू पाठवतो. मागणारेच निघाले! मला हे वाचताना दरवेळी थांबावं लागतं.

रंकाळावेस: दोघांचे आभार. आता असं लिहिलंय: ‘प्रभू, तुझ्या शब्दाप्रमाणे आम्हाला मुळापासून जगू दे. तुझ्या कापणीसाठी आमच्या घरांतून कामकरी पाठव.’ काल रात्री हे मोठ्याने वाचलं. मुलगा बारावीला आहे, समोरच अभ्यास करत होता. ‘घरांतून’ म्हणताना माझ्या मनात शेजारपाजारची सगळी घरं आली, आमचं सोडून. सकाळी अनुस्वार काढला. ‘घरातून’ असंच ठेवते आहे.