मदत हवी आहे : मुलांचा संधिवात – एकमेकांना आधार देणारा पालकांचा गट कसा जमवावा?

नमस्कार,

माझ्या ७ वर्षांच्या मुलीला जेआयए, म्हणजे जुव्हेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस आहे. दोन्ही गुडघे आणि एक घोटा. वयाच्या १६ वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान ६ आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्याची सूज असेल तर हे निदान करतात. उपचार नीट चालू आहेत, डॉक्टरांवर पूर्ण विश्वास आहे, त्यामुळे औषधांविषयी सल्ला नको. मला याच आजाराशी रोज गाठ असलेल्या घरांशी बोलायचं आहे, आणि अशी घरं एकत्र कशी आणायची ते विचारायचं आहे.

सकाळी ती भिंतीला धरून चालते. तासाभरात पाय मोकळे होतात आणि संध्याकाळी मैदानावर पळते. "सकाळी दुखत होतं ना, मग आता कशी उड्या मारतेस?" असं तिला मोठ्या माणसांनीच विचारलंय. रात्रभर हालचाल नसली की सुजलेला सांधा आखडतो आणि हलवत गेलं की सुटतो, हे मी नातेवाईक, शेजारी, शिक्षक सगळ्यांना सांगितलं. पुढच्या वेळी तोच प्रश्न. ज्यांना हे सांगावंच लागणार नाही असं एक तरी घर ओळखीचं असावं असं फार वाटतं.

आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटचं, म्हणजे सांध्यांची सूज आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन असतं. औषधाचा रंग पिवळा. आता सुई टोचायच्या आधीच, नुसता तो पिवळा रंग दिसला तरी तिला मळमळायला लागतं. त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक अ‍ॅसिड (एक जीवनसत्त्व) चालू आहे, डॉक्टरांशीही बोललो आहोत. तरी ती संध्याकाळ घरातल्या सगळ्यांना जड जाते, तिच्या दादालासुद्धा. तो ११ वर्षांचा आहे. "मला काही झालेलं नाही, म्हणून मला कुणी काही विचारत नाही," असं परवा म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

हा धागा काढायचं कारण मात्र मुलीचा प्रश्न. "आई, हे फक्त मलाच आहे का?" मी नाही म्हटलं, पण दाखवायला एकही मूल नव्हतं.

तुम्ही इतर पालक कसे शोधलेत? दवाखाना कुणाचे नंबर देत नाही, आणि ते बरोबरच आहे. गट झाल्यावर एकाच्या भीतीने बाकीचे घाबरत नाहीत ना? आणि मुलांची भेट घालून द्यावी का? समोरच्या मुलाचा आजार जास्त असेल तर माझी धास्तावेल का?

प्रतिसाद

ताई, माझा मुलगा आता १५ वर्षांचा आहे. आम्ही नंबर मागितला नाही, आमचा दिला. "कुणाला बोलावंसं वाटलं तर आम्हाला फोन करू द्या," असं लिहून चिठ्ठी नर्सकडे ठेवली. बऱ्याच दिवसांनी एक फोन आला. मग हळूहळू घरं जमली.

नियम एकच ठेवलाय आणि तो कडक पाळतो : डोस आणि रिपोर्ट यांची तुलना करायची नाही. जेआयए हे एका नावाखाली वेगवेगळे प्रकार आहेत. एकाचे मोजके सांधे धरलेले असतात, दुसऱ्याला रोज ताप चढतो, अंगावर पुरळ येतं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. नव्या पालकांना ही तुलनाच जास्त घाबरवते.

गटाचा आम्हाला सगळ्यात मोठा उपयोग झाला तो डोळ्यांच्या तपासणीसाठी. या मुलांच्या डोळ्यात आतून सूज येऊ शकते, त्याला युव्हेआयटिस म्हणतात. बऱ्याचदा डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल काही बोलत नाही आणि नजरेला मात्र इजा होत राहते. लहान वय, थोडेच सांधे आणि एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असेल तर धोका जास्त, आणि साधारण दर ३ महिन्यांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या सूक्ष्मदर्शकाखाली, तपासणी लागते. सांधे छान असले की हीच तारीख विसरली जाते. आम्ही एकमेकांना तिची आठवण करतो.

मुलांची भेट जरूर घाला, पण त्यांना समोरासमोर बसवून "बोला" म्हणू नका. आम्ही पोहायला नेलं. पाण्यात सांध्यांवर भार कमी येतो, त्यामुळे कुणी मागे पडत नाही. माझ्या मुलाने दुसऱ्याला एवढंच विचारलं, "तू सुई मांडीत घेतोस की पोटावर?" उत्तर मिळालं आणि दोघं खेळायला लागले. धास्तावायची भीती आम्हालाच जास्त होती.

प्रतिसाद

मला स्वतःला लहानपणापासून हा आजार आहे. सुईच्या दिवशी मला एक गोष्ट उपयोगी पडायची : कुठल्या मांडीत आणि जेवणाआधी की नंतर, हे मी ठरवायचे. घ्यायची की नाही हा प्रश्न कधीच नसायचा, त्यामुळे घासाघीसही नसायची. सिरिंज मोज्यात गुंडाळून ठेवली तर रंग दिसत नाही, तेही करून बघा.

दादाला सुईच्या कामाला लावू नका. त्या संध्याकाळी दोघांपैकी एका पालकाने फक्त त्याच्याबरोबर असावं.

आणि शाळेला एक सांगून ठेवा : वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी फोन करा. मेथोट्रेक्सेटने प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून ते चालू असताना हे डॉक्टरांना लगेच कळवावं लागतं. वर्गात मधेच उठून पाय मोकळे करायची परवानगीही लेखी घ्या, म्हणजे शिक्षक बदलले तरी प्रत्येक वेळी तिला समजावत बसावं लागत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चिठ्ठी आजच लिहिते. डोळ्यांची पुढची तारीख काढून बघितली, याच महिन्यात आहे. दादाशी बोलले, सुईच्या संध्याकाळी त्याला बाबांबरोबर सायकलवर जायचंय.

एक विचारायचं राहिलं. पहिल्या भेटीआधी मुलाला काय सांगितलं होतंत?

प्रतिसाद

"तुझ्यासारखेच गुडघे असलेला एक मुलगा येणार आहे, पोहायला." एवढंच. बाकीचं त्याने स्वतःच विचारलं, घरी आल्यावर.