चाकणची ऑफर आलीय, शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. तुमच्या वेळी तुम्ही काय केलं?

केळीबाग
राम राम मंडळी. मी यावल तालुक्यातला, डिप्लोमा मेकॅनिकल, जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, ४ वर्षं झाली, हातात २१ हजार पडतात. आता चाकणच्या एका कंपनीची ऑफर आलीय, पॅकेज ५.४० लाख. घरी ३ एकर केळी, आबांचे गुडघे गेलेत, रात्री लाईट आली की मोटर चालू करायला मीच जातो. माय म्हणते "जाय रे बाप्पा, आमची कायजी नको करू", आणि लगेच शेजारच्या काकूंना विचारते पुण्याकडे पाणी जड असतं का म्हणून. सल्ले नकोत, ते रोज चहाच्या टपरीवर फुकट मिळतात. तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलं आणि पुढे काय झालं तेवढं सांगा.

भुसावळ जंक्शन
भाऊ, माझा अनुभव म्हणजे शुद्ध गणिताचा. ५.४० ला १२ ने भागून ४५ हजार धरले असशील तर मी २०१७ ला जिथं फसलो तिथंच तू चाललाय. एचआरकडून पगाराचा ब्रेकअप मागव, कशाचे किती ते. समज बेसिक २० हजार आहे आणि १० टक्के व्हेरिएबल. मग ४५ तून व्हेरिएबलचे ४,५०० गेले, ते वर्षाच्या शेवटी, ते पण साहेबाची मर्जी असेल तर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के म्हणजे २,४००, तोही त्याच पॅकेजात धरलेला असतो. ग्रॅच्युइटी बेसिकच्याच ४.८१ टक्के, ९६२ रुपये, ती परमनंट माणसाला ५ वर्षं टिकला तर. राहिले ३७,१३८. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात साडेचौतीस हजार. कँटीन आणि बसचे कापत असतील तर अजून कमी. मी हे गणित पहिला पगार झाल्यावर केलं, एटीएमच्या बाहेर उभा राहून. तोवर इकडची नोकरी सोडलेली होती आणि गावात पेढे वाटून झालेले होते.

धुळ्याची लेक
मी लॅब टेक्निशियन. नाशिकला एका ठिकाणी सिलेक्शन झालं, पगार चांगला, लेटर पण हातात. सासरे म्हणाले बघ बाई, तुझं तू ठरव, म्हणजे नको. मी एक काम केलं, हो-नाही कळवायच्या आदल्या दिवशी नाशिकला गेले आणि शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोरच्या चहावाल्याकडे अर्धा तास बसले. बाहेर पडणाऱ्या दोघी-तिघींना विचारलं, ताई पगार वेळेवर होतो का, किती जणी सोडून गेल्या? एक म्हणाली, तुमच्या जागेवर वर्षात तुम्ही तिसऱ्या. घरी येऊन नाही कळवलं. घरच्यांना वाटलं त्यांचं ऐकलं, वाटू दिलं 😄 पुढच्या वर्षी दुसरी ऑफर आली तेव्हा मात्र कोणाला विचारलं नाही, मुलीला घेऊन गेले, ४ वर्षं राहिले. कानबाईच्या सणाला न चुकता गावी यायचे, तेवढी एक अट मीच मला घातली होती.

तापीलाईन
आमच्या नंदुरबारकडे पुणं नंतर, आधी सुरत. गाडीत बसलं का उधन्याला उतरायचं, अर्धं गाव तिथंच भेटतं. मला पाहुण्यातल्या माणसानं मिलमध्ये सुपरवायझरची जागा सांगितली, तोंडी. म्हणे "चाल रे भो, लेटरनं काय काम शे, आपलाच शेठ शे". गेलो. पहिला महिना पगार झाला, दुसरा अर्धा, तिसऱ्याला शेठ म्हणाला तू तर ट्रेनिंगवर होतास. कागद नव्हता, मग भांडू कशावर? बरं पाहुणा नात्यातला, त्याला बोलायची पण सोय नाही. तो अजून लग्नात भेटला की खांद्यावर हात टाकतो.

खडूफळा
थोडं वेगळं आहे पण लिहितो. बीएड झाल्यावर मला शाळेची ऑफर आली, म्हणजे ऑफर त्यांनीच दिली आणि पैसे पण त्यांनीच मागितले. संस्था कुठली ते जाऊ द्या. विनाअनुदानित तुकडी, "आज ना उद्या सरकारी अनुदान २० टक्क्यांवर येईल, मग ४०, मग ६०, लाईफ सेट", असं चेअरमनचा माणूस सांगायचा. आमच्या घरचे जिभाऊ २ बिघे जमीन विकायला तयार झाले होते. सातबारा काढून आणलेला मी स्वतः पाहिला टेबलावर, त्यावर चहाचा कप ठेवलेला. शिक्षणसेवक म्हणून ३ वर्षं मानधनावर काढायची, तीही मान्यता मिळाली तर, आणि जमीन आज जाणार. नाही म्हणालो. जिभाऊ महिनाभर बोलले नाहीत. माझ्या जागी जो लागला त्याला आता ६० टक्के चालू आहे, मी क्लास घेतो. दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्याजवळ तो भेटतो, आम्ही दोघं पगाराचा विषय सोडून सगळं बोलतो. चुकलो का? काही वर्षी वाटतं हो. पण त्या २ बिघ्यात यंदा कापूस उभा आहे.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री
लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा टाकू नका एवढंच. मी फोनवर "यू आर सिलेक्टेड" ऐकून टाकला, मार्च २०२०. पुढचं सांगायला नको.

भुसावळ जंक्शन
@शेवभाजी अरे बापरे. नोटीस पिरियड पण बघ रे केळीबाग, इकडे ३० दिवस आणि तिकडच्या लेटरमध्ये ९० लिहिलेले असतात, नंतर सुटताना दम निघतो.

वापस_आलेला
मी भोसरीत ६ वर्षं काढून पाचोऱ्याला परत आलोय. कमावलं नाही असं नाही. पण दिवाळीला ट्रॅव्हल्सवाले डबल भाडं घेतात, वडील आजारी पडले की रात्रभराचा प्रवास, सकाळी पोचेपर्यंत दवाखान्यातून सोडलेलं असतं आणि ते म्हणतात कशाला आला. अर्थात गेलो नसतो तर आज इथं स्वतःचं वर्कशॉप टाकायची अक्कल आली नसती, काम तिकडेच शिकलो. त्यामुळे मला विचारशील तर माझ्याकडे उत्तर दोन्ही बाजूंनी आहे, म्हणजे काहीच उपयोगाचं नाही.

केळीबाग
सगळ्यांचं वाचलं, काहींचं दोनदा. ब्रेकअप मागवला, बेसिक १८ हजारच निघालं, व्हेरिएबल १२ टक्के. नोटीस ६० दिवस. एचआरला म्हटलं व्हेरिएबल कमी करून फिक्समध्ये टाका, ते म्हणे सोमवारी सांगतो, म्हणजे शुक्रवार काही दगडावरची रेघ नव्हती. धुळ्याच्या ताईंचं ऐकून रविवारी चाकणला गेटवर जाऊन येणार आहे. मोटरीला मोबाईलवरून चालू-बंद करायचं स्टार्टर बसवून घेतलं, आबांना फोनवरून चालू करायला शिकवलं तर त्यांनी दुपारीच ४ वेळा चालू-बंद करून बघितलं.

चाकण नाहीतर भोसरीकडे दोघांत रूम कितीला पडते हो? आणि पाणी खरंच जड आहे का, माय परत विचारत होती.