मदत हवी आहे : चापेकच्या ‘आर. यू. आर.’चे मार्क्सवादी वाचन

चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकावर (यात कारखान्यात तयार केलेले यंत्रमानव माणसांविरुद्ध बंड करतात) निबंध लिहिताना मी एका ठिकाणी अडलो आहे. ‘रोबोट’ हा शब्द मुळात वेठबिगारीला असलेल्या ‘रोबोता’ या चेक शब्दावरून आलेला. शिवाय यंत्रमानवांनी स्वतःची मोडतोड करून घेऊ नये, म्हणून त्यांना वेदना जाणवतील अशी सोय करण्याचा कारखान्याचा विचार वाचताना श्रमशक्तीची क्रयवस्तू (म्हणजे बाजारात विकली-विकत घेतली जाणारी वस्तू) झाल्याचे (मला तरी) लख्ख दिसते. बंडानंतर हे यंत्रमानव कारखान्याचा बांधकामप्रमुख असलेल्या एकट्या अल्क्विस्टला जिवंत ठेवतात, कारण तो त्यांच्यासारखाच हातांनी काम करतो. याला वर्गजाणीव (श्रम करणारे आपण सारे एकाच वर्गाचे आहोत, ही जाणीव) म्हणता येईल का? आपण कम्युनिस्ट का नाही, हे १९२४ मध्ये स्वतंत्र लेख लिहून सांगणाऱ्या या मानवतावादी लेखकावर असा अर्थ लादल्यासारखे तर होणार नाही ना? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.