गोवा १९६१ : सैन्य पाठवताना दिलेली चार कारणं, आणि त्यांतली टिकणारी कोणती?

मांडवीकाठ

१९६१ मध्ये भारतीय सैन्याने गोवा पोर्तुगीजांकडून घेतला, त्यावरून दर १९ डिसेंबरला 'ही मुक्ती होती' आणि 'हे आक्रमण होतं' असे दोन पक्ष भांडतात. पण भारताने बळ वापरताना जगापुढे नेमकं कारण काय ठेवलं होतं, ते दोघांपैकी कुणीच मांडत नाही. कारण एक नव्हतंच. किमान चार होती, ती एकमेकांत मिसळून दिली गेली आणि त्यामुळे आपली बाजू होती त्यापेक्षा कमकुवत दिसली असं माझं मत आहे.

पहिलं कारण स्वसंरक्षणाचं. १७ नोव्हेंबर १९६१ रोजी कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी 'साबरमती' या प्रवासी जहाजावर गोळीबार केला, त्यात एक जण जखमी झाला. पुढच्या आठवडाभरात एका मच्छीमाराचा जीव गेला. दुसरं कारण सार्वभौमत्वाचं: गोवा भारताचाच भाग, आणि स्वतःच्याच भूमीवर कुणी आक्रमण करत नसतं. सुरक्षा परिषदेत आपले प्रतिनिधी सी. एस. झा यांचा मुख्य भर यावर होता. तिसरं वसाहतवादाचं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा १४ डिसेंबर १९६० चा ठराव १५१४ वसाहतींचा अंत मागतो, आणि दुसऱ्याच दिवशी झालेला ठराव १५४२ 'गोवा आणि त्याचे अंकित प्रदेश' हे स्वशासन नसलेले प्रदेश आहेत असं नाव घेऊन सांगतो. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींना 'सागरपार प्रांत' हे नाव दिलं होतं, ती सबब या ठरावाने संपवली. चौथं कारण, बोलणी संपल्याचं. फेब्रुवारी १९५० मध्ये भारताने वाटाघाटींचा लेखी प्रस्ताव दिला. सार्वभौमत्व हा चर्चेचा विषयच नाही, हे लिस्बनचं उत्तर. १९५३ मध्ये आपण लिस्बनमधली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, वीसहून जास्त माणसं मेली.

माझ्या मते तिसरं आणि चौथं एकत्र घेतलं तर ते भक्कम उभं राहतं. पहिलं लंगडं आहे. दुसरं तर धोक्याचं आहे, कारण 'ही जमीन मुळात आमचीच' हे वाक्य सीमेवरचा कुठलाही शेजारी उद्या आपल्याला ऐकवू शकतो. मतभेद असतील तर मुद्द्यावर लिहा.

सनदशीर

पहिलं लंगडं आहे हे तुम्ही मान्य केलंत, पण का लंगडं आहे ते नेमकं सांगायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) बळाचा वापर आणि बळाची धमकी, दोन्हींना मनाई करतं. कलम ५१ चा अपवाद 'सशस्त्र हल्ला' झाला तरच. शिवाय प्रत्युत्तर आवश्यक हवं, प्रमाणात हवं आणि परिषदेला लगेच कळवायला हवं. एका जहाजावरच्या गोळीबाराला प्रमाणात उत्तर म्हणजे फार तर अंजदीववरची तोफ बंद पाडणं. एक पायदळ डिव्हिजन, एक छत्री ब्रिगेड, दाबोळीच्या धावपट्टीवर कॅनबेरा विमानांची बॉम्बफेक आणि दीव-दमणवर वेगळ्या तुकड्या, हे सगळं कलम ५१ मध्ये बसत नाही.

पण तुमचं आवडतं तिसरं कारण तरी कुठे टिकतं? १५१४ हा आमसभेचा ठराव आहे, त्यात बळाच्या वापराला परवानगी देणारं एकही वाक्य नाही. त्याहून अडचणीचा आहे तो १५४२ च्याच दिवशी झालेला ठराव १५४१, ज्याचं नाव या चर्चांत कुणी काढत नाही. वसाहत संपण्याचे तीन मार्ग त्यात दिले आहेत: स्वतंत्र राज्य होणं, दुसऱ्या राज्याशी मुक्त सहयोग, किंवा त्यात विलीन होणं. विलीनीकरणाची अट अशी की लोकांनी मुक्तपणे, समजून-उमजून, सार्वत्रिक प्रौढ मतदानाने तशी इच्छा व्यक्त केलेली असावी. गोव्यात डिसेंबर १९६१ मध्ये असं मतदान झालं? नाही. थोडक्यात, स्वयंनिर्णयाचा हक्क गोवेकरांचा होता आणि तो वापरला दिल्लीने. फ्रेंचांबरोबर आपण हे नीट केलं होतं. ऑक्टोबर १९५४ मध्ये पुदुच्चेरीतल्या किळूर गावी लोकप्रतिनिधींनी १७० विरुद्ध ८ मतांनी विलीनीकरण स्वीकारलं, मग नोव्हेंबरात पुदुच्चेरी हाती आली. गोळी न झाडता.

आग्वाद

सनदशीर, पुदुच्चेरीची तुलना तुमच्याच विरोधात जाते. किळूरचं मतदान झालं कारण समोरचं सरकार ते होऊ द्यायला तयार होतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत खुद्द लिस्बनमध्ये मोकळी निवडणूक होत नव्हती, पणजीत कुठून होणार? १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी सभा घेतली, मागणी एवढीच होती की सभा भरवायला परवानगी लागू नये. त्यांना तिथेच अटक झाली. नानासाहेब गोरे १९५५ मध्ये सत्याग्रही म्हणून गेले, त्यांना दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे तर मुक्तीनंतरही लिस्बनजवळच्या तुरुंगात होते, ते १९६९ मध्ये सुटले. मतदान घेणारा कोण, मतपेटी ठेवणार कुठे, प्रचार कोण करणार, हे सांगितल्याशिवाय '१५४१ ची अट पाळायला हवी होती' म्हणणं म्हणजे कुलूप लावणाऱ्याच्याच खिशात किल्ली ठेवणं.

आणि बोलणी संपली होती याचा याहून मोठा पुरावा काय हवा? १४ डिसेंबरला सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना तार केली की शरणागतीचा विचार मनात आणायचा नाही, पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी होतील, नाही तर मरतील. साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक, लढाऊ विमान एकही नाही, आणि हा हुकूम! वासालो इ सिल्वा यांनी तो मोडून १९ तारखेच्या रात्री शरणागतीवर सही केली आणि दोन्हीकडची शेकडो माणसं वाचवली. पुढे त्यांच्याच सरकारने त्यांना सैन्यातून काढलं. ज्या राजवटीला स्वतःच्या सैनिकाचा जीवही वाटाघाटीचा विषय वाटत नाही, तिच्याशी आणखी किती वर्षं पत्रव्यवहार करायचा?

तळटीप

बाजू घेण्याआधी एक दुरुस्ती, कारण हेगच्या निकालाबद्दल मराठीत सतत चुकीचं लिहिलं जातं.

दादरा आणि नगर हवेली १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी मुक्त केल्यावर तिथे जायचा रस्ता भारताने अडवला म्हणून पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. निकाल १२ एप्रिल १९६० चा. 'भारत जिंकला' एवढंच आपण सांगतो. प्रत्यक्षात न्यायालयाने तीन गोष्टी म्हटल्या. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि साधा माल यांना वाट मिळण्याचा पोर्तुगालला हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता. आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली त्यात आपल्या कर्तव्याचा भंग झाला नाही, कारण तिथली परिस्थिती तणावाची होती.

मराठी वाचकाने जास्त लक्ष द्यावं असा भाग याच्या आधी येतो. पोर्तुगालचा आधार होता १७७९ चा पेशव्यांशी झालेला पुण्याचा तह आणि त्यानंतरच्या मराठा सनदा. बारा हजार रुपये वसुलाची गावं पोर्तुगीजांना दिली होती. भारताचं म्हणणं, ही नुसती सरंजाम, म्हणजे वसुलाचा हक्क; राज्य दिलेलं नाही. हे न्यायालयाने मान्य केलं. पण लगेच पुढे असंही म्हटलं की मराठ्यांच्या जागी आलेल्या इंग्रजांनी त्या गावांवरचं पोर्तुगीज सार्वभौमत्व प्रत्यक्षात मान्य केलं, आणि नंतर भारतानेही मूकपणे तेच केलं. थोडक्यात, धाग्यातलं दुसरं कारण हेगमध्ये आधीच दुबळं झालं होतं. निकालाला जेमतेम वीस महिने झाले होते, आणि झा तेच कारण परिषदेत मांडत होते.

'पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकला तोच मुळात बेकायदा' हा युक्तिवादही जपून करावा. १९२८ च्या पाल्मास बेटाच्या लवादात माक्स ह्यूबर यांनी नियम घातला की हक्क कसा मिळाला हे त्या काळच्या कायद्याने तपासायचं, आणि सोळाव्या शतकात जिंकून घेतलेला मुलूख कायदेशीर होता. मात्र त्याच नियमाचा दुसरा भाग असा की मिळालेला हक्क टिकला का, हे बदलत गेलेल्या कायद्याने पाहायचं. मांडवीकाठ यांचं तिसरं कारण इथे जीव धरतं: अल्बुकर्कने १५१० मध्ये काय केलं ते सोडून द्या, १९६० नंतर पोर्तुगालच्या हक्कात काय उरलं ते बोला.

बंदरवाटा

कायद्याचा एवढा खल केलात, पण वेळेचं काय? चौदा वर्षं थांबलेलं सरकार नेमकं डिसेंबरात हललं आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये सार्वत्रिक निवडणूक. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईत उभे, समोर आचार्य कृपलानी. मुंबईत गोव्याचा प्रश्न किती पेटलेला होता हे सांगायला नको. नेहरूंनी स्वतः १९५५ मध्ये संसदेत सैनिकी मार्ग नाकारला होता.

मांडवीकाठ

हेतू आणि समर्थन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. निवडणुकीचा फायदा दिसत होता, नाकारत नाही. पण फक्त तेवढंच धरलं तर १९५७ च्या निवडणुकीआधी हे का झालं नाही याचं उत्तर मिळत नाही. मधल्या काळात बदललं ते आफ्रिकेत. १९६१ च्या सुरुवातीला अंगोलात उठाव झाला आणि पोर्तुगालने तो रक्तात बुडवला. ऑक्टोबरमध्ये दिल्लीतच पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद झाला, तिथे आफ्रिकी नेत्यांनी विचारलं की तुमच्या दारातला पोर्तुगाल तुम्ही का हलवत नाही. नेहरूंना ते झोंबलं.

सनदशीर

आफ्रिकी नेत्यांचा दबाव हे कारण असेल, कायद्याचा आधार नाही. बरं, परिषदेत काय झालं ते आकड्यांत पाहू. तेव्हा सभासद ११, ठरावाला ७ मतं लागत. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानच्या मसुद्यात युद्धबंदी, सैन्य मागे घेणं आणि वाटाघाटी अशी मागणी होती. बाजूने ७, विरुद्ध ४: सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक. म्हणजे ठराव मंजूर होण्याइतकी मतं पडली होती, तो पडला सोव्हिएत नकाराधिकाराने. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक या तिघांचा उलटा मसुदा ४ विरुद्ध ७ ने पडला. जगाने आपल्याला पाठिंबा दिला असं म्हणताना हे विसरू नये. घरातही राजाजींनी (सी. राजगोपालाचारी) 'स्वराज्य' या नियतकालिकात लिहिलं की लष्करशाहीविरुद्ध आवाज उठवण्याचं नैतिक बळ भारताने गमावलं.

आणि विसंगती बघा. परिषदेत सांगितलं, हे आक्रमणच नाही, आमचीच भूमी. १९६९ मध्ये मोन्तेइरो खटल्यात आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने काय धरलं? गोवा जिंकून जोडून घेतला, त्यामुळे 'व्याप्त प्रदेश' ही अवस्था संपली आणि जिनिव्हा करारांचं संरक्षण लागू राहिलं नाही. बाहेर मुक्ती, घरात जिंकणी. दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

आग्वाद

आकडा पूर्ण द्या. परिषदेत अडल्यावर पाश्चात्त्य देशांना १९५० च्या 'शांततेसाठी एकजूट' ठरावाखाली प्रश्न आमसभेत नेता आला असता. नेला नाही, कारण तिथे दोन तृतीयांश मतं मिळणार नव्हती हे त्यांना ठाऊक होतं. उलट त्याच १९ डिसेंबरला आमसभेने सनदेच्या अकराव्या प्रकरणाचं (स्वशासन नसलेल्या प्रदेशांबद्दलचं) पालन न केल्याबद्दल पोर्तुगालचाच निषेध केला. अकरा जणांच्या खोलीतलं मत म्हणजे जगाचं मत नव्हे.

सनदशीर

मान्य, आमसभेत चित्र वेगळं असतं. तरी माझी खरी भीती पायंड्याची आहे. डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशिया पूर्व तिमोरमध्ये शिरला. तीही पोर्तुगीज वसाहत, तीही शेजारी, तिथेही 'सांस्कृतिक एकता' हाच सूर. तुमचं तिसरं कारण तिथे लागू का होत नाही, हे सांगता येईल?

मांडवीकाठ

येईल, आणि हीच माझ्या मुद्द्याची कसोटी आहे. तिमोरमध्ये २८ नोव्हेंबरला फ्रेटिलिन या तिथल्या स्वातंत्र्यवादी पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, स्वारी झाली ७ डिसेंबरला, आणि लोक पुढे चोवीस वर्षं लढले. सुरक्षा परिषदेने ठराव ३८४ ने सैन्य मागे घ्यायला सांगितलं, त्यावर नकाराधिकार आला नाही. तिमोर संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतींच्या यादीत कायम राहिला. गोव्याचं नाव त्याच यादीतून १९६१ मध्येच गेलं. गोव्यात भारताविरुद्ध ना हत्यारी प्रतिकार उभा राहिला, ना १९६३ च्या निवडणुकीत कुणी पोर्तुगाल परत मागितला. महाराष्ट्रवादी गोमंतक (म.गो.) आणि युनायटेड गोवन्स हे पक्ष कडाडून भांडले, पण महाराष्ट्रात जायचं की नाही यावर. ३१ डिसेंबर १९७४ ला खुद्द पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य करणारा तह केला. तर मुद्दा असा, की वसाहतवादाचं कारण एकट्याने पुरत नाही. त्याला तिथल्या लोकांच्या संमतीची जोड लागते, आणि तिमोरमध्ये ती नव्हती.

पण ही सगळी संमती नंतर दिसली, आधी विचारली नव्हती. १५४१ वर सनदशीर यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. २० डिसेंबरला गोवा आपल्या ताब्यात होता, पोर्तुगीज अडथळा संपला होता. सहा महिन्यांत निरीक्षक बोलावून मतदान घेता आलं असतं, आणि निकाल काय लागला असता याबद्दल मला शंका नाही. त्याऐवजी मार्च १९६२ मध्ये बारावी घटनादुरुस्ती करून २० डिसेंबर १९६१ पासूनच विलीनीकरण धरलं गेलं.

सनदशीर

मग '२० तारखेनंतर मतदान' हे तुम्ही पाचवं कारण म्हणून १७ तारखेला जाहीर करायला हवं होतं असं म्हणताय का? कारण ते आधी जाहीर झालं असतं, तर माझा अर्धा विरोध तिथेच संपला असता. १६ जानेवारी १९६७ चा जनमतकौल दाखवतो की मतदान घेणं अशक्य नव्हतं. तिथे १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी लोकांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला आणि दिल्लीने तो पाळला.

आग्वाद

१९६७ ला मतपेटी ठेवता आली ती १९६१ ला सैन्य गेलं म्हणून. त्या कारवाईत आपले २२ जवान गेले, त्यांतले सात नौसैनिक एकट्या अंजदीववर. जाहीरनाम्यात मतदानाचं आश्वासन हवं होतं, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर येतो. ते नव्हतं म्हणून जाणंच चूक, इथे नाही.