एकाहत्तरचं देणं बांगलादेशानं किती दिवस मानायचं?

माहुली_संगम (सातारा)

सोळा डिसेंबर आला की आमच्या घरी वाद ठरलेला. माझे चुलत आजोबा जंगी पलटणीत होते, म्हणजे पहिली मराठा लाइट इन्फंट्री. १९७१ च्या बांगलादेश युद्धात ते जमालपूरला होते. ढाक्याच्या उत्तरेला, ब्रह्मपुत्रेकाठचं ठाणं. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तर आतल्या पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली. दुसऱ्या दिवशी रात्री निसटायला निघालेली त्याची फौज मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळली आणि ११ डिसेंबरला ठाणं पडलं. हे सगळं आम्हा पोरांना तोंडपाठ आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये हसीनाबाई पळाल्या, ढाक्यात मुजीबुर रहमानांच्या पुतळ्यावर हातोडे पडले, मुजीबनगरला पाकिस्तानच्या शरणागतीच्या प्रसंगाचे पुतळे फोडले. टीव्हीवर ते बघून माझं डोकं फिरलं. दोन्ही आघाड्यांवर मिळून आपली जवळजवळ चार हजार माणसं गेली. एक कोटी निर्वासित आपण पोसले. आणि त्रेपन्न वर्षांत ही गत? मी म्हटलं, कृतघ्न लोक. आजोबा म्हणाले, "त्यांचे पुतळे त्यांनी पाडले, तुझ्या पोटात का दुखतंय?"

माझं मत सरळ आहे. खाल्ल्या मिठाला जागावं. ज्या देशानं तुमच्यासाठी रक्त सांडलं त्याचं ऋण पिढ्यान्‌पिढ्या मानलंच पाहिजे. पटत नसेल त्यांनी का ते सांगा.

हरिपूरकर (सांगली)

मिठाला जागणं माणसाला लागू, देशाला नाही. इंग्लंडच्या पामर्स्टननं १८४८ मध्ये पार्लमेंटात उघड सांगून टाकलं होतं की आम्हाला कायमचे मित्र नाहीत आणि कायमचे शत्रूही नाहीत, हितसंबंध तेवढे कायमचे. १८४९ मध्ये हंगेरीच्या बंडात ऑस्ट्रियाचं राज्य बुडता बुडता रशियन फौजेनं वाचवलं. पाचच वर्षांनी क्रिमियाच्या युद्धात हाच ऑस्ट्रिया रशियाच्या विरोधात जाऊन बसला.

पण एवढ्या लांब कशाला? साताऱ्याच्या माणसाला हे मी सांगायचं? १८१८ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पेशव्यांच्या कैदेतून सोडवलं, गादीवर बसवलं, १८१९ ला तह केला. उपकारच की! महाराजांनी जन्मभर ऋणी राहावं अशी अपेक्षा. महाराज आपल्या हक्काचं बोलायला लागले तसे १८३९ ला पदच्युत करून काशीला पाठवले, आणि १८४८ ला राज्यच खालसा. महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये चौदा वर्षं दारोदार फिरले, हाती धुपाटणं. चार भिंतींवर संध्याकाळी वारा खायला जाता ना? तिथं उभं राहून विचार करा, उपकाराची आठवण सारखी कोण करून देतो आणि कशासाठी.

कोरेगावची_लेक

दोघांचंही अर्धं पटलं.

आमच्या आजीकडे आहेराची वही होती. लाल कापडाची, कडा उंदरानं कुरतडलेल्या. "धोंडेवाडीच्या मावळणी, पाच रुपये, एक चोळीखण", "सुताराची थोरली, नारळ, अडीच रुपये". त्या घरात कार्य निघालं की आजी वही काढायची आणि एक रुपया वर घालून आहेर न्यायची. पण माझ्या उभ्या आयुष्यात तिनं ती वही दुसऱ्या कुणाला दाखवलेली मी पाहिली नाही. "आम्ही तुमच्या थोरलीला काय घातलं होतं आठवा" असं ज्या दिवशी म्हणाल त्या दिवशी तो आहेर राहत नाही, उधारी होते, असं तिचं म्हणणं.

बांगलादेशानं मानावं का? मानावं. त्यांनी मानलंही आहे. २०११ ला इंदिराबाईंना मरणोत्तर सन्मान दिला, २०१७ ला दिल्लीत आपल्या शहीद जवानांच्या घरच्यांना सन्मानपत्रं दिली. पण वही आपण काढून दाखवायची नसते, माहुलीकर.

आणि ऋण मानणारे खरोखर असतात. नेदरलँड्समध्ये मार्ग्राटन नावाच्या गावी दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या आठ हजारांवर कबरी आहेत. आसपासच्या डच घरांनी एकेक कबर दत्तक घेतली आहे. १९४५ पासून फुलं नेतात. आई गेली की मुलगी सांभाळते, कबर मिळावी म्हणून प्रतीक्षायादी असते. तिथं सरकारचा काही हुकूम नाही.

हरिपूरकर

ताई, तुमचं उदाहरण माझ्याच पारड्यात पडतंय. डच बाई फुलं ठेवते, डच सरकार अमेरिकेशी व्यापाराच्या टेबलावर पैपैचा हिशोब करतं. दोन्ही एकाच वेळी चालू. ऋण माणसं मानतात.

टेंभू_लाभार्थी (आटपाडी)

आपण स्वतः तरी काय करतो बघा. ९ ऑगस्ट १९७१ ला रशियाशी करार, डिसेंबरात सुरक्षा परिषदेत त्यांचे नकाराधिकार. ते नसते तर युद्ध आठ दिवसांत थांबवावं लागलं असतं. म्हणून २०२२ ला युक्रेनवर मतदान आलं तेव्हा आपण तटस्थ राहिलो. झालं की नाही उपकार फेडून? का त्याच सुमाराला स्वस्त तेलही मिळायला लागलं म्हणून? मला विचाराल तर दोन्ही. पण मग बांगलादेशानं चीनकडून काही घेतलं की आपल्याला लगेच कृतघ्नपणा कसा दिसतो?

आणि १९६२ ला चीन चढून आला तेव्हा शस्त्रं कुणी पाठवली? अमेरिकेनं. नऊ वर्षांनी एंटरप्राइज हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात कुणी धाडलं? त्याच अमेरिकेनं. आता अमेरिकेचं ऋण मानायचं का राग? एका वहीत दोन्ही नोंदी कशा बसवायच्या ते कोरेगावच्या ताईंनी सांगावं.

(टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं तेव्हा कुठल्या पुढाऱ्याचे उपकार मानायचे यावर आमच्याकडं अजून भांडणं चालू आहेत, देशाचं काय घेऊन बसलाय.)

मिरज_जंक्शन

पोलंडचं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितोय. मिरजेहून कोल्हापूर पॅसेंजरनं जाताना वळिवडे स्टेशन लागतं. गाडी मिनिटभर थांबते. तिथं १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. रशियानं सैबेरियात नेऊन टाकलेले हे लोक इराणमार्गे इथवर आले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. काही मुलं तुमच्या पाचगणीलाही हवापालटाला ठेवली होती. पुढं त्याच जागी फाळणीतले सिंधी आले, आज ते गांधीनगर, सगळी कापडाची दुकानं.

ही छावणी आपण इथले लोक साफ विसरलो होतो, पोलंड विसरला नाही. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, पोलिश मुलांना आसरा देणाऱ्या जामनगरच्या जामसाहेबांच्या नावानं चौक आहे. छावणीतल्या तेव्हाच्या पोरी म्हाताऱ्या होऊन परत येऊन गेल्या. आणि २०२२ ला युक्रेनमध्ये आपली मेडिकलची पोरं अडकली तेव्हा पोलंडनं व्हिसाशिवाय आत घेतली. माझ्या मेव्हण्याचा मुलगा त्यात होता. सीमेपलीकडे आल्यावर एका बाईनं त्याच्या हातात गरम सूपचा कागदी कप ठेवला. तो अजून सांगतो की आधी बोटं शेकली, मग प्यायलो.

हरिपूरकर

पोरगा सुखरूप आला, आनंद आहे. पण ते सूप वळिवड्यामुळं मिळालं असं म्हणू नका. पोलंडनं तेव्हा युक्रेनमधून येणाऱ्या सगळ्यांनाच दार उघडलं होतं. त्या बाईला वळिवडे कुठं आहे हे माहीतही नसणार.

मिरज_जंक्शन

नसेल माहीत. मी कुठं म्हटलं फेड केली? वळिवड्यात भाकरी देणाऱ्यालाही वॉर्सा कुठं आहे ते माहीत नव्हतं.

कऱ्हाडचा_प्रीतिसंगम

कृतघ्नतेवर बोलायचं तर आपल्या घरापासून सुरुवात करू. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला वाताहत झाली. अंगावर धड कपडा नसलेली माणसं दक्षिणेकडे पळत सुटली. भरतपूरच्या सूरजमल जाटानं त्यांना आसरा दिला, जेवू घातलं, जखमा बांधल्या. हा तोच सूरजमल, जो भाऊंशी मतभेद होऊन युद्धाआधीच निघून गेला होता. एवढं असूनही दिलं. आणि आपण? १७७० मध्ये मराठी फौजा उत्तरेत परतल्या आणि मथुरेच्या बाजूला त्याच जाटांना झोडपून काढलं, खंडणी मागितली. नऊ वर्षं! बांगलादेशला त्रेपन्न तरी लागली.

माहुली_संगम

हे मला माहीत नव्हतं. पण तेव्हा सूरजमल हयात नव्हता, त्याच्या मुलांचं आपसातलं भांडण होतं.

कऱ्हाडचा_प्रीतिसंगम

मुजीबही हयात नाहीत.

माजी_नायक (खटाव)

मी श्रीलंकेत होतो, शांतिसेनेत, १९८८-८९. आमच्या आधी गेलेल्यांना जाफन्यात हार घातले होते. आम्ही पोचलो तेव्हा त्याच गल्लीत सुरुंग होते. ज्यांच्यासाठी गेलो ते तमिळ आमच्यावर उठलेले आणि ज्यांनी बोलावलं ते सिंहली सरकार निघा म्हणत होतं. अकराशेवर माणसं गेली आपली. परत आलो तर इथंही कुणाला धड माहीत नाही आम्ही कुठं होतो ते. माझ्या सोयऱ्याला वाटायचं मी सुट्टीवर आहे.

आता कोलंबोजवळ आपल्या जवानांचं स्मारक आहे, त्यांच्याच सरकारनं बांधलेलं. फोटोत नावं कोरलेली दिसतात. माझ्या सेक्शनमधल्या दोघांची नावं मी मोबाइलवर मोठी करून वाचली. त्यांनी ऋण मानलं का नाही मला कळत नाही. नावं बरोबर लिहिलीत.

माहुलीकर, फौजी कुणावर उपकार करायला जात नाही. हुकूम येतो, जातो. आजोबांना विचारा.

माहुली_संगम

विचारलं. काल रात्री सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला, चष्मा हरवलाय म्हणून.

माझं मत थोडं हललंय, फार नाही. बांगलादेशचा राग फरक्क्याच्या धरणावर असेल, तीस्तेच्या पाण्यावर असेल, हसीनाबाईंना आपण आसरा दिला त्यावर असेल. तो त्यांचा हक्क. "आम्ही तुम्हाला देश मिळवून दिला" हे आपलं वाक्य मुक्तिवाहिनीतल्या म्हाताऱ्याला झोंबत असणार, हेही आता कळतं. रंगो बापूजींचा टोला लागला, हरिपूरकर. पण शरणागतीचे पुतळे फोडणं मला अजूनही चुकीचंच वाटतं. भांडण आजच्या सरकारशी करा, त्या दगडांनी काय केलं होतं? त्यावर मी मागं हटणार नाही.

आजोबा सूरजमलवर काही बोलले नाहीत. माजी नायकांचं वाचताना मध्येच थांबायला सांगितलं, ते दोनदा वाचून घेतलं. मग स्वतःहूनच जमालपूरचं सांगायला लागले, आणि त्यात गोळी, चिठ्ठी काहीच नव्हतं. ठाणं पडल्यावर पुढं निघताना रस्त्याकडेच्या एका झोपडीतून म्हातारी बाहेर आली. पदरात चुरमुरे, वर तेल आणि हिरवी मिरची. प्रत्येकाच्या ओंजळीत घालत होती. पलटणीत सांगलीकडचा एक जण होता, तो म्हणाला, "आयला, हे तर आमचं भडंगच की!" रांगेतले सगळे हसले. हे का हसतात ते न कळता तीही हसली.

मी विचारलं, तिची नातवंडं आज पुतळे फोडत असतील तर? म्हणाले, "असतील. तिनं चुरमुरे दिले ते दिलेच ना?" आणि मी हे सगळं टाइप करत असताना मागून डोकावून एवढंच म्हणाले, "तेल मोहरीचं होतं, ते लिही."