जी३१ मदरबोर्ड, २ जीबी रॅम, डेबियन १२ लिनक्स: झेडरॅम असूनही डिस्क घासते, मदत हवी आहे

कोअर टू ड्युओ ई७५००, डीडीआर२ रॅम, १६० जीबीची जुनी हार्डडिस्क, वर एलएक्सक्यूटी (हलका डेस्कटॉप). नुसता सुरू असताना पीसी ठीक चालतो. फायरफॉक्समध्ये चौथा टॅब उघडला की माउस दहा-पंधरा सेकंद गोठतो आणि डिस्कचा लाल दिवा विझतच नाही.

झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेलं स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की पानं, अर्थात मेमरीचे तुकडे, हलवायची जागा) १ जीबी, दाबायची पद्धत झेडएसटीडी, प्रायॉरिटी १००. डिस्कवरचं २ जीबी स्वॅप उणे २ वर, म्हणजे झेडरॅमनंतर वापरायचं. स्वॅपीनेस (फाइल कॅश टाकण्याऐवजी स्वॅपकडे किती झुकायचं तो आकडा) ६०, पेज-क्लस्टर (स्वॅपमधून एका वेळी किती पानं वाचायची) ०. झेडस्वॅप (स्वॅपला जाणारी पानं आधी रॅममध्ये दाबून ठेवणारी सोय) बंदच आहे (दोन्ही एकत्र म्हणजे तीच पानं दोनदा दाबायची). गंमत अशी, की गोठतं तेव्हा झेडरॅम जेमतेम निम्मं भरलेलं असतं आणि डिस्कवरचं स्वॅप शून्य! म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) फाइल कॅश (डिस्कवरून वाचून रॅममध्ये ठेवलेल्या फाइली) आधी फेकतोय आणि प्रोग्रॅमचीच पानं डिस्कवरून पुन्हा पुन्हा वाचतोय, असा माझा अंदाज.

मग स्वॅपीनेस १५०-१८० वर नेऊन कुणी पाहिलंय का? ६.१ कर्नल २०० पर्यंत घेतो. इतक्या जुन्या सीपीयूवर झेडएसटीडीऐवजी एलझेड४ ही दाबायची पद्धत बरी पडेल? आणि एसएसडी लावायची तर बोर्डावरच्या आयसीएच७ चिपला (डिस्क हिलाच जोडतात) एएचसीआय, म्हणजे साटा डिस्कचा नवा मोड, नाही. जुन्या आयडीई मोडमध्ये एफएसट्रिम (रिकाम्या झालेल्या जागा एसएसडीला कळवणारी आज्ञा) नीट चालतं का? रॅम ४ जीबीच्या वर हा बोर्ड घेत नाही, त्यामुळे पैसे आधी कशावर घालू, रॅमवर की एसएसडीवर?