चार लाखांहून कमी लोकांच्या बेटावरची फुटबॉल संघटना कोण चालवते?

रंकाळाकाठ

2016 च्या युरो स्पर्धेत फ्रान्समधील नीस येथे आइसलँडने इंग्लंडला 2-1 असे हरवले, तेव्हापासून या देशाच्या फुटबॉलविषयी हाती लागेल ते मी वाचत आलो आहे. पण त्या सगळ्या लेखांत तीनच गोष्टी फिरून फिरून येतात. संघाचे एक प्रशिक्षक पेशाने दंतवैद्य होते, प्रेक्षक एका ठेक्यात टाळ्या वाजवत होते आणि देशाची लोकसंख्या आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेपेक्षाही कमी आहे. ज्या संघटनेच्या नावाने हा संघ मैदानात उतरतो, तिच्याविषयी मात्र कोणी चार ओळीही लिहीत नाही.

माझा प्रश्न संघटनेपुरताच आहे. ती कधी स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद कोणाकोणाकडे होते आणि ही माणसे खेळातून आली की राजकारणातून? आपल्याकडे प्रफुल्ल पटेल 2009 पासून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची समिती दूर केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने भारताला काही दिवस निलंबितही केले. त्यामुळे अध्यक्ष म्हटला की मनात शंका येतेच. आइसलँडमध्येही 2021 साली संपूर्ण कार्यकारिणीने राजीनामा दिल्याचे ओझरते वाचले होते. कोल्हापुरात तालमींचा फुटबॉल पाहत वाढल्यामुळे लहान गावातला खेळ कसा चालतो याची मला थोडी कल्पना आहे, पण लहान गावाएवढा देश कसा चालतो हे समजून घ्यायचे आहे.

जुनी_कात्रणे

संघटनेचे आइसलँडिक नाव आहे ‘क्नात्तस्पिर्नुसाम्बांद ईस्लांड्स’. चेंडू, लाथ आणि संघ या तीन शब्दांचा हा सरळसोट समास आहे. परका शब्द जसाच्या तसा घेण्याऐवजी आपला घडवण्याची त्या भाषेची जुनी सवय आहे, त्यामुळे ‘फुटबॉल’ हा शब्द त्या नावात कुठेच दिसत नाही.

स्थापना 26 मार्च 1947 ची, आणि फिफाचे सदस्यत्वही त्याच वर्षी मिळाले. मात्र राष्ट्रीय संघ संघटनेपेक्षा वयाने मोठा आहे. डेन्मार्कपासून वेगळे होऊन आइसलँड 17 जून 1944 रोजी प्रजासत्ताक झाला आणि जुलै 1946 मध्ये राजधानी रेक्याविकला पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला तो डेन्मार्कशीच. तो यजमानांनी 0-3 असा गमावला. आधी देश, मग संघ आणि शेवटी संघटना, असा तो क्रम आहे. त्या पिढीचा मोठा दिवस म्हणजे 29 जून 1951. त्या दिवशी त्यांनी स्वीडनला 4-3 असे हरवले आणि चारही गोल रिकार्डुर योनसन यांनी केले.

अध्यक्षांच्या यादीत एक गोष्ट चटकन नजरेत भरते. 1947 ते 2007 या साठ वर्षांपैकी सुमारे अठ्ठेचाळीस वर्षे तिघांनीच कारभार पाहिला. ब्यॉर्गविन श्राम 1954 ते 1968, एलर्ट श्राम 1973 ते 1989 आणि एगर्ट मॅग्नुसन 1989 ते 2007. यातले पहिले दोघे बापलेक. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते, नावापुढे वडिलांचे नाव जोडून ‘त्याचा मुलगा’ किंवा ‘त्याची मुलगी’ असे म्हणतात, म्हणून ‘श्राम’ हे खरेखुरे आडनाव त्या यादीत दोनदा आले की आपल्यासारख्या वाचकालाही घराणे लगेच ओळखू येते. ब्यॉर्गविन यांच्या कारकिर्दीतच ऑगस्ट 1967 मध्ये कोपनहेगनला डेन्मार्ककडून 14-2 असा तो कुप्रसिद्ध पराभव झाला. तरी पुढे वर्षभर तेच पदावर राहिले, यावरून त्या काळी अध्यक्षाकडून काय अपेक्षा होती याचा अंदाज यावा.

राजकारणाचे म्हणाल तर ते भरपूर आहे, पण त्याची दिशा उलटी आहे. बापलेकांच्या मधल्या काळात, 1968 ते 1973, अध्यक्ष होते अल्बर्ट गुडमुंडसन. हे आइसलँडचे पहिले व्यावसायिक फुटबॉलपटू. आर्सेनल, मिलान, नान्सी आणि पॅरिसचा रेसिंग क्लब अशी मजल मारून मायदेशी परतले, व्यापारात उतरले, संघटनेचे अध्यक्ष झाले आणि पुढे 1983 मध्ये देशाचे अर्थमंत्री. एलर्ट श्रामही आधी रेक्याविकच्या केआर क्लबचे खेळाडू होते, नंतर वकील, संपादक आणि खासदार. म्हणजे खुर्चीत बसायला राजकारणी आला असे झाले नाही. मैदानावर ज्याचे नाव झाले होते, त्याला राजकारणाचे दार उघडे होते. हे अधिक चांगले की वाईट, यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही.

एगर्ट मॅग्नुसन मात्र वेगळ्या वळणाचे. ते बिस्किटांच्या धंद्यातले उद्योजक होते. 2006 च्या अखेरीस आइसलँडच्या बँकांकडे पैशाचा पूर आलेला असताना त्यांच्या पुढाकाराने लंडनचा वेस्ट हॅम क्लब विकत घेतला गेला, आणि फेब्रुवारी 2007 मध्ये त्यांनी संघटना सोडली. वर्षभरातच तो क्लबही त्यांच्या हातून गेला. त्यांच्या जागी आलेले गेर थॉर्स्टाइन्सन हे संघटनेचेच जुने सरचिटणीस. स्वीडिश प्रशिक्षक लार्स लागरबॅक यांची 2011 मधली नेमणूक आणि नीसची ती रात्र, दोन्ही त्यांच्याच काळातली.

उत्तरवारा

वरच्या उत्तरातील तपशिलांशी मी सहमत आहे, तरी अध्यक्षांची यादी वाचून यशाचे श्रेय अध्यक्षांना देण्याचा मोह टाळावा, असे मला वाटते. नोकरीनिमित्त मी चार वर्षे रेक्याविकला राहिलो आणि माझी मुलगी तिथल्या एका क्लबच्या सात वर्षांखालील गटात खेळत असे.

नोव्हेंबरच्या अखेरीस दुपारी साडेचारलाच अंधारून आलेले असते आणि वारा असा की छत्री उघडण्याचे धाडस तिथे कोणी करत नाही. शाळेच्या मागे दिव्यांखाली छोटे कृत्रिम गवताचे मैदान, भोवती लाकडी फळ्यांचे कुंपण. शेजारच्या रस्त्यावर बर्फ साचलेला, पण मैदान ओले आणि मोकळे, कारण खालून गरम पाण्याच्या नळ्या गेलेल्या. मुलांना चेंडू थांबवायला शिकवणारी तरुणी विद्यापीठात शिकत होती, पण तिच्याकडे प्रशिक्षकाचा रीतसर परवाना होता आणि त्या कामाचा तिला पगार मिळत होता. सात वर्षांखालील मुलांसाठी पगारी प्रशिक्षक ठेवलेला मी आपल्याकडे पाहिलेला नाही.

अशी शंभराहून अधिक छोटी मैदाने देशभर आहेत. त्यांच्यासाठीचे कृत्रिम गवत संघटनेने युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, मदतीतून दिले. जागा, खोदकाम आणि तापवण्याची सोय नगरपालिकांनी केली. पूर्ण आकाराची बंदिस्त मैदाने, ज्यातले पहिले 2000 साली केप्लाविक परिसरात उभे राहिले, तीही प्रामुख्याने नगरपालिकांच्याच पैशातून झाली. संघटनेचे स्वतःचे मोठे काम म्हणजे प्रशिक्षकांचे शिक्षण. ते कोणत्याही अध्यक्षाच्या भाषणात शोभून दिसण्यासारखे नाही, पण माझ्या मते खरी कमाई तीच.

निवडणुकीविषयी थोडे सांगतो. दर वर्षी साधारण फेब्रुवारीत अधिवेशन भरते आणि सदस्य क्लबांचे प्रतिनिधी मतदान करतात. वरच्या श्रेणीतल्या क्लबांचे प्रतिनिधी अधिक असतात. एकूण मते दीडशेच्या आसपास. म्हणजे निवडणूक लढवणारा माणूस जवळजवळ प्रत्येक मतदाराला नावाने ओळखतो.

रंकाळाकाठ

दोघांचेही आभार. ‘प्रत्येक मतदाराला नावाने ओळखतो’ हे वाक्य वाचून आमच्याकडचीच एखादी सभा डोळ्यांपुढे उभी राहिली. पण इतकी जवळीक असताना 2021 मध्ये सगळेच कसे पायउतार झाले?

तळटीप

त्या जवळिकीमुळेच, असे माझे उत्तर आहे.

2017 मध्ये गुडनी बर्गसन अध्यक्ष झाले. इंग्लंडच्या बोल्टन क्लबचे माजी कर्णधार, शिक्षणाने वकील आणि सर्वांना हवेसे वाटणारे व्यक्तिमत्त्व. त्यांच्या काळात संघ 2018 च्या विश्वचषकात खेळला आणि पहिल्याच सामन्यात अर्जेंटिनाशी 1-1 अशी बरोबरी केली. 2019 मध्ये माजी अध्यक्ष गेर यांनी त्यांना आव्हान दिले, तेही त्यांनी सहज परतवले. मग ऑगस्ट 2021 मध्ये राष्ट्रीय संघातील खेळाडूंवरच्या लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांची चर्चा सुरू झाली, तेव्हा संघटनेकडे तशी औपचारिक तक्रार आलेली नाही, असे त्यांनी दूरचित्रवाणीवर सांगितले. दुसऱ्याच दिवशी एका तरुणीने पुढे येऊन सांगितले की, आपल्या वडिलांनी 2018 मध्ये संघटनेला हे कळवले होते आणि अध्यक्षांना ते ठाऊक होते. 29 ऑगस्टला गुडनी यांनी राजीनामा दिला आणि पाठोपाठ संपूर्ण कार्यकारिणीनेही.

या प्रकरणात ‘औपचारिक’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. जिथे कोणीही वडीलधारा माणूस अध्यक्षापर्यंत थेट पोहोचू शकतो, तिथे कळवणे आणि तक्रार नोंदवणे यांतली रेषा पुसट होते. कळवणाऱ्याला वाटते की आपण संघटनेला सांगितले. ऐकणाऱ्याला सोयीने वाटू शकते की आपल्याला एका ओळखीच्याने खासगीत सांगितले. मोठ्या देशात तक्रार कपाटात हरवते, इथे ती नोंदवलीच गेली नाही.

2 ऑक्टोबर 2021 च्या विशेष अधिवेशनात वांदा सिगुरगेर्सदोत्तिर अध्यक्ष झाल्या. युएफाच्या सदस्य संघटनांपैकी एखादीचे अध्यक्षपद स्त्रीकडे येण्याची ती पहिलीच वेळ. त्या राष्ट्रीय संघाच्या माजी खेळाडू आणि प्रशिक्षक तर होत्याच, पण विद्यापीठात शिकवत होत्या आणि मुलांमधल्या दांडगाईवर, छळावर त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. अशा वेळी अशी व्यक्ती निवडली जाणे मला योगायोग वाटत नाही. त्या दिवशी त्यांच्याविरुद्ध कोणी उभेही राहिले नव्हते.

एक पुरवणी, कारण या चर्चेत ती राहून जात आहे. पुरुषांचा संघ 2016 मध्ये पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेत पोहोचला. महिलांचा संघ 2009 मध्येच युरोमध्ये खेळला होता, 2013 मध्येही. संघटनेच्या यशाची गोष्ट नीसपासून सुरू करणारे ही सात वर्षे सरळ गाळून टाकतात.

उत्तरवारा

पुढचा तपशील देऊन थांबतो. वांदा यांनी 2024 मध्ये पुन्हा उभे न राहण्याचे ठरवले आणि फेब्रुवारीच्या अधिवेशनात तिरंगी लढत झाली. त्यात तिसरे उमेदवार होते स्वतः गुडनी बर्गसन. पहिल्या फेरीत ते बाहेर पडले आणि दुसऱ्या फेरीत थोड्या मतांनी थॉर्वाल्दुर ऑर्लिग्सन निवडून आले. हे आकुरेरी शहराच्या 1989 च्या राष्ट्रीय विजेत्या संघातले, पुढे इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबकडून खेळलेले. अडीच वर्षांपूर्वी राजीनामा देऊन गेलेला माणूस बहुतांशी त्याच मतदारांसमोर, पुन्हा मते मागायला उभा राहिला आणि लोकांनी त्याला नीट ऐकून घेऊन घरी पाठवले. माझे तिथले सहकारी दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना यावर फारसे काही बोलले नाहीत. त्यांतल्या एकाचा चुलत भाऊ मतदार होता, दुसऱ्याचा मुलगा गुडनी यांच्या जुन्या क्लबात खेळत होता.